कार्डाची मुदत संपली म्हणून कामगाराचा हक्क संपतो का?

प्रश्न: मी राजापूर तालुक्यातल्या एका बांधकाम कामगार संघटनेचा चिटणीस आहे. स्वतः गवंडी. जुने अध्यक्ष पद सोडून गेल्यावर सभासदांनी मला निवडून दिलं. मार्च २०२४ मध्ये त्या अध्यक्षांनी ६३ सभासदांकडून कल्याणकारी मंडळाच्या नूतनीकरणाचे फॉर्म आणि प्रत्येकी ५०० रुपये घेतले. मंडळाची वेबसाइट बंद आहे, मग पाऊस आहे, असं करत फॉर्म कपाटातच राहिले. त्यातला एक सभासद, वय ४०, १२ फेब्रुवारी २०२५ रोजी एका चाकरमान्याच्या दुमजली घराच्या कामावर परांचीवरून पडून वारला. त्याच्या कार्डाची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपली होती. मंडळाने पाच लाखांचा अर्ज ‘नोंदणी जीवित नाही’ म्हणून नाकारला. ठेकेदाराने तेराव्याला ५० हजार देऊन त्याच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा, स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला. फॉर्म मागच्या तारखेला दिले होते असं दाखवता येईल का? संघटनेचं नाव खराब न होता वहिनींना पैसे मिळतील का?

उत्तर:

भाऊ, मागच्या तारखेचं आधी डोक्यातून काढून टाका. ते बनावट कागदपत्र होईल. तुम्ही अडकाल, शिक्का देणारा ग्रामसेवक अडकेल आणि त्या बाईंचा खरा दावाही खोटा ठरेल. मला राग याचा येतो की इथे खोट्याची गरजच नाही. खरी तारीख तुमच्या बाजूने आहे. ती कोणी मोजलीच नाही, मंडळाने नाही आणि तुम्हीही नाही.

असं पत्र मला पहिल्यांदा आलेलं नाही. मंडणगडपासून दोडामार्गपर्यंतची माणसं तेच विचारतात. संघटनेने पैसे घेतले, पुढे भरले नाहीत, माणूस गेला किंवा जायबंदी झाला आणि मंडळाने कार्डावरची तारीख पुढे केली. प्रत्येक वेळी कार्ड बघितलं जातं, कायदा कोणी उघडत नाही.

तुमचं प्रकरण इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ च्या कलम १७ वर उभं आहे. त्यात म्हटलं आहे ते असं: लाभार्थ्याने सलग एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ वर्गणी भरली नाही, तर तो लाभार्थी राहत नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हक्क जातो असं ते कलम म्हणत नाही. तुमच्या सभासदाची वर्गणी ३१ मार्च २०२४ पर्यंतची भरलेली असेल, तर थकबाकी १ एप्रिल २०२४ पासून सुरू होते आणि सलग वर्ष ३१ मार्च २०२५ ला पुरं होतं. तो गेला १२ फेब्रुवारीला. वर्ष पुरं व्हायला ४७ दिवस बाकी होते. त्या दिवशी तो थकबाकीदार होता, पण कलम १७ खाली लाभार्थी होताच.

मंडळ म्हणेल, कार्ड संपलं होतं. कार्ड हे कलम १३ चं ओळखपत्र. लाभार्थी होणं कलम १२ ने ठरतं आणि ते जातं एकतर कलम १४ ने, म्हणजे साठ वर्षं पूर्ण झाल्यावर किंवा वर्षात ९० दिवस काम नसल्यावर, किंवा कलम १७ ने. योजनेच्या अटींमध्ये ‘जीवित नोंदणी’ असा शब्द आहे हे मला माहीत आहे. पण योजनेची अट कायद्यातलं वर्ष कापून शून्य दिवसांवर आणू शकत नाही, असं माझं म्हणणं आहे आणि तेच मी लेखी मांडीन. ते टिकेलच अशी हमी मी देत नाही. मात्र याहून मजबूत मुद्दा तुमच्याकडे दुसरा नाही.

आता हे सगळं एका कागदावर लटकतंय. मंडळाची शेवटची पावती शोधा. तुमच्या संघटनेची नव्हे, मंडळाची. तिच्यावर वर्गणी कुठवरची जमा आहे ते वाचा. कार्डाची मुदत मार्च २०२४ ची, पण वर्गणी एक वर्ष आधीच थांबलेली, असं निघालं तर वरचं गणित कोसळतं. तुमच्या पत्रात तुम्ही कार्डाची तारीख लिहिली, पावतीची नाही. चिटणीस म्हणून ही पहिली गोष्ट पाहायला हवी होती.

दुसरा कागद ९० दिवसांचा. कलम १४ मंडळ हमखास काढणार. आपल्याकडे दसऱ्यानंतर कामं सुरू होतात, मिरगाला बंद पडतात आणि गवंडी लावणीला जातो. त्यामुळे सलग काम दाखवायच्या भानगडीत पडू नका, कायद्याने सलग मागितलेलंही नाही. एप्रिल-मे २०२४ आणि दसऱ्यापासून अपघाताच्या दिवसापर्यंत त्याने कुठल्या वाडीत, कोणाच्या घरावर, कोणत्या ठेकेदाराकडे काम केलं त्याची यादी करा. त्या त्या ग्रामपंचायतीचा दाखला आणि घरमालकाचं लेखी म्हणणं घ्या. चिरे कोणत्या खाणीतून आले, स्लॅब कधी पडला, हे गावात सगळ्यांना पाठ असतं. ते कागदावर यायला हवं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, संघटनेचं नाव. इथे मी तुम्हाला सवलत देणार नाही. कलम १७ ला एक परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, आहे. वर्गणी न भरण्याला वाजवी कारण होतं आणि कामगार थकबाकी भरायला तयार आहे, अशी मंडळाच्या सचिवांची खात्री पटली, तर ते थकबाकी भरून घेऊन नोंदणी पुन्हा सुरू करू शकतात. कामगाराने वेळेत पैसे दिले आणि संघटनेने ते पुढे पोचवले नाहीत, याहून वाजवी कारण कोणतं असणार? पण ते सिद्ध कसं होणार? तुमच्या प्रतिज्ञापत्राने. ‘मार्च २०२४ मध्ये संघटनेने फॉर्म आणि पैसे घेतले, पावती दिली आणि फॉर्म मंडळात दिले नाहीत’, हे तुम्ही चिटणीस म्हणून शपथेवर लिहून द्यायचं. नाव सांभाळायचं आणि वहिनींचा दावाही सांभाळायचा, हे दोन्ही जमणार नाही. माणूस गेल्यावर थकबाकी ‘भरायला तयार’ कोण, असा आक्षेप येईल, म्हणून वहिनींच्या अर्जात परंतुक हा दुय्यम मुद्दा ठेवा आणि वर्ष पुरं झालं नव्हतं हा पहिला.

परंतुकाचा खरा उपयोग उरलेल्या ६२ जणांना आहे आणि त्यांच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. त्यांचं वर्ष ३१ मार्च २०२५ ला भरलं. म्हणजे कायद्याने ते आज बहुधा लाभार्थी नाहीत आणि त्यातले कितीतरी जण उद्या सकाळी परांचीवर चढणार आहेत. कोणाच्या मुलाची शिष्यवृत्ती अडली असेल, कोणाच्या स्वतःच्या पहिल्या लग्नाचे ३० हजार अडतील. प्रत्येकाचा वेगळा अर्ज करा, सोबत संघटनेच्या पावतीची प्रत आणि तुमच्या प्रतिज्ञापत्राची प्रत जोडा, थकबाकी भरायची तयारी लिहा आणि पोच घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. वहिनींचा हक्क त्याआधी निर्माण झाला, त्यामुळे त्यांचा अर्ज जुन्या कायद्यावरच चालवावा असं माझं मत आहे. हयात सभासदांनी मात्र पुनर्नोंदणीच्या अर्जावर विसंबून न राहता सोबत नवीन नोंदणीचाही अर्ज द्यावा. १८ ते ६० वय आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम ही पात्रता संहितेतही तीच आहे. दोन्ही अर्ज पडू देत. एक तरी लागेल.

मंडळाची वार्षिक वर्गणी एक रुपया आहे, भाऊ. एका रुपयासाठी त्या घराचे पाच लाख अडकलेत आणि वारसदार पत्नीला पाच वर्षं मिळणारे वर्षाचे २४ हजारही त्याच दाराशी थांबलेत.

ठेकेदाराकडे वळतो, कारण तिथे रक्कम मोठी आहे आणि कार्डाचा संबंधच नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ खाली कामावर मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणांक, असा हिशेब असतो. वेतन कितीही असलं तरी धरायची मर्यादा १५,००० रुपये. चाळिसाव्या वर्षाचा गुणांक १८४.१७. म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, एकूण १३,८१,२७५ रुपये. गवंड्याची आजची हजेरी बघता १५,००० ची मर्यादा गाठायला अडचण येऊ नये, पण हजेरीवही किंवा सोबतच्या बिगाऱ्यांची साक्ष लागेल. घर दुमजली असल्यामुळे हे काम कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बसतं की नाही, हा वादही उरत नाही.

तेराव्याला घेतलेला तो अंगठा? कलम ८ प्रमाणे मृत्यूची भरपाई याच कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. वारसाच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल तेवढी वजा होऊ शकते, म्हणजे ५० हजारांतला काही भाग किंवा सगळे फार तर कापले जातील. आणि ‘पुढे काही मागणार नाही’ हे लिहून घेतलं असेल तर कलम १७ खाली ते रद्दबातल आहे. (हे कलम १७ १९२३ च्या कायद्याचं, वरचं १९९६ च्या. माझ्याकडे आलेल्या एका अर्जात दोन्हींची गल्लत झालेली होती, म्हणून सांगतो.) रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, इथे ते दीड लाखाच्या वर जातं. शिवाय निम्म्यापर्यंत दंड आयुक्त लावू शकतात.

चाकरमान्याला यात ओढू नका. मूळ मालकाला जबाबदार धरणारं कलम १२ धंद्याच्या कामाबद्दल आहे, आणि तो स्वतःचं राहतं घर बांधत होता. त्याला प्रतिवादी केलं तर तो मुंबईतून वकील पाठवेल आणि तारखा वाढतील. त्यापेक्षा तो साक्षीदार म्हणून मोलाचा आहे. ठेकेदाराला किती पैसे दिले हे त्याच्या बँकेच्या खात्यावर आहे.

या दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं, म्हणजे १२ फेब्रुवारी २०२७ पर्यंत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका. माझ्याकडच्या एका प्रकरणात ठेकेदाराला नोटीस बजावण्यातच अकरा महिने गेले. पत्ता बदलला, माणूस बाहेरगावी आहे, पोस्टमनचा शेरा अपुरा आहे, असं एकेक. तेवढ्या काळात त्या घरातल्या मुलाची शाळा सुटली. अशा कामात विलंब हाच निकाल ठरतो, म्हणून ठेकेदाराचा आधार कार्डावरचा पत्ता, जीएसटी क्रमांक असेल तर तो, आणि तो सध्या ज्या साइटवर आहे तिचा पत्ता, तिन्ही पहिल्याच अर्जात द्या.

मंडळाकडे आधी सचिवांना सविस्तर निवेदन द्या, प्रत रत्नागिरीच्या कामगार कार्यालयात. नाकारल्याचा लेखी, कारणांसह आदेश मागा. मोबाइलवर दिसणारं ‘नाकारले’ हे मी आदेश मानत नाही. सचिवांनीही नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. त्यासाठी आता मुंबई गाठायची नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. राजापूरहून अणुस्कुरा घाट चढलात की दिवसात जाऊन येता येतं. बांधकाम कामगारांसाठीचा उपकर गोळा होऊन पडून राहतो आणि कामगारापर्यंत पोचत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात सरकारांना खडसावलं आहे. तो निकाल रिटला जोडायचा.

जुन्या अध्यक्षांवर गुन्हा दाखल करावा का, हे मी आज सांगणार नाही. फॉर्म कपाटात राहणं हा निष्काळजीपणा. पैसे खिशात जाणं हा फौजदारी विश्वासघात, आणि मार्च २०२४ चा व्यवहार असल्याने तो जुन्या दंडसंहितेच्या कलम ४०६ खाली येईल. फरक हिशेबात दिसेल. ६३ गुणिले ५०० म्हणजे ३१,५०० रुपये संघटनेच्या त्या वर्षाच्या जमाखर्चात आहेत का? निबंधकांकडे पाठवलेल्या वार्षिक विवरणपत्रात आहेत का? त्या वर्षांना १९२६ चा कामगार संघटना कायदा लागू होता, आणि त्याच्या कलम २० खाली हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. सर्वसाधारण सभा बोलवा, वह्या टेबलावर ठेवा, सभासदांना बघू द्या.

कपाटातला फॉर्मचा गठ्ठा आणि मार्च २०२४ चं पावतीपुस्तक दोन सभासदांसमोर ताब्यात घ्या, पानं मोजून पंचनाम्यासारखा कागद करा आणि येताना मूळ प्रती घेऊन या. त्या फॉर्मवर आता पेनाने काहीही लिहू नका. रिकामी राहिलेली तारीखसुद्धा भरू नका.