हायब्रिड सायकलवर हात बधिर होतात, हँडलबार बदलून फायदा होतो का?

होतो. हँडल बदला आणि ग्रुपमधल्यांचं ऐकू नका.

तुम्ही लिहिलंय की सपाट हँडलची हायब्रिड आहे, तासाभराने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, आणि ग्रुपमधले म्हणतात, ‘जेलचे ग्लोव्हज घाल, कोअरचे (पोट-कंबरेच्या स्नायूंचे) व्यायाम कर, हँडलला हात लावू नको.’ हेच सगळं मलाही ऐकवलं गेलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू ही अल्नर नर्व्ह नावाच्या नसेची. ती मनगटापाशी तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जाते आणि तिथे तिच्यावर मांसाचं फारसं संरक्षण नसतं. सपाट हँडलवर आपण रेलतो ते नेमकं त्याच जागी, वर मनगट मागे दुमडलेलं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असतं तर ती मीडियन नर्व्ह, म्हणजे मुख्यतः मनगटाच्या कोनाचा प्रश्न. तुमचा तो दिसत नाही. ग्लोव्हजमधलं जेल दाब जरा पसरवतं, पण हात असतो तिथेच राहतो. सपाट दांड्यावर हात ठेवायला एकच जागा आहे, हे खरं दुखणं.

आमचा ग्रुप गोव्यातल्या फोंड्याचा. एकदा पहाटे निघून साखळी, केरी आणि पुढे चोर्ला घाट असा बेत होता. चढताना मला काही झालं नाही. चढावर भार मागे जातो, आपण हँडल ओढत असतो. उतरताना सगळा भार हातावर आला. बोटं सतत ब्रेकवर, पकड बदलायला जागा नाही, वळणावर बारीक खडी, खालून बेळगावकडे जाणारे टेम्पो चढताहेत, आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मूठ धरून आहेत की नाहीत हे मला खाली बघून ठरवावं लागत होतं. उतारावर खाली बघणं म्हणजे काय ते सायकल चालवणाऱ्याला सांगायला नको.

केरीला चहाला थांबलो तेव्हा हे सांगितलं. ग्रुपमधले एक ज्येष्ठ, ज्यांच्याकडे महागडी रोड बाइक आहे, म्हणाले, ‘तुझं कोअर कच्चं आहे. सायकलला कशाला दोष देतोस?’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. अहो, मी कुंडईला कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करतो, वजनं उचलतो. आणि कोअर भक्कम असलं म्हणून नस काय जागा बदलते?

त्यानंतर मी बटरफ्लाय हँडल मागवलं. हे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं वळलेलं, एका बाजूने उघडं असतं. युरोपात दूरच्या सहलीच्या सायकलींना ते सर्रास दिसतं. त्याची गंमत अशी की नळीचा व्यास सपाट हँडलइतकाच, २२.२ मिमी. त्यामुळे आपले ब्रेक लिव्हर आणि गिअर शिफ्टर तसेच्या तसे त्याच्यावर चढतात. स्टेमच्या (हँडल सायकलला धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या) पकडीत मात्र बहुतेक बटरफ्लाय २५.४ मिमी आणि आजकालच्या हायब्रिडचे स्टेम बऱ्याचदा ३१.८ मिमी, म्हणून मध्ये शिम, म्हणजे फट भरणारं कडं, घालावी लागते. घेण्याआधी व्हर्नियरने मोजा. घरच्या पडवीत बसून बसवलं, गिअरच्या केबल जरा लांब टाकल्या, वर जाड टेप गुंडाळली. आता जवळची टोकं, बाजूची वळणं आणि पुढचा दांडा अशा तीन जागा मिळाल्या. बाजूच्या वळणांवर तळवे एकमेकांकडे वळतात, मनगट सरळ राहतं आणि करंगळीकडची कड मोकळी होते. पणजी-रायबंदरच्या जुन्या बांधावर समोरून वारा असला की मी पुढचा दांडा धरून वाकतो. चोर्ला पुन्हा उतरलो, बोटं शेवटपर्यंत जागी होती.

ग्रुपमध्ये सायकल नेली तेव्हा तेच ज्येष्ठ म्हणाले, ‘पोदेराची सायकल केली मरे तू!’

हे मला लागलं आणि आजही लागतं. पोदेर म्हणजे सायकलवरून घरोघरी पाव विकणारा. त्याचं नाव शिवीसारखं घ्यायचं? आमच्या वाड्यावर पहाटे आणि संध्याकाळी पोदेर येतो. मागे निळ्या प्लास्टिकखाली पावाची भली मोठी टोपली, एका हाताने रबरी हॉर्न दाबायचा, दुसऱ्या हाताने चढावरून सायकल न्यायची. त्याच्या हँडलच्या मुठी मागे, अंगाकडे वळलेल्या असतात. पाठ ताठ, भार सीटवर, मनगट सरळ. रोज सायकलवर पोट असलेल्या माणसाने जे हँडल टिकवलंय, त्यात शिकण्यासारखं काही नाही, हे शर्यतीच्या सायकली बघून ठरवायचं का? मी तेव्हा एवढंच म्हटलं, ‘पोदेराचे हात बधिर होत नाहीत, विचारून बघा.’ त्यांनी विचारलं नसणार. मी आमच्या पोदेराला विचारलं होतं.

आता तुमचं. बटरफ्लाय नको असेल तर बार एंड, म्हणजे हँडलच्या टोकांना बसणारी छोटी शिंगं, लावा, स्वस्तात काम होतं. ग्रिप, ब्रेक, शिफ्टर आत सरकवून टोकाला दोनेक सेंटिमीटर जागा करायची आणि शिंगं थोडी वर कलती ठेवायची. हाताला रुंद टेकण असलेल्या ग्रिपही चांगल्या. ड्रॉप बार, म्हणजे रोड बाइकचं खाली वळलेलं हँडल, बसवायच्या भानगडीत पडू नका. त्याची नळी साधारण २३.८ मिमी, तुमचे लिव्हर चढणार नाहीत, आणि ड्रॉप बारचे नेहमीचे लिव्हर व्ही-ब्रेकला पुरेशी केबल ओढत नाहीत. शिवाय हायब्रिडची फ्रेम लांब असते, हात अजूनच दूर जातील. दुकानदार ‘करून देतो’ म्हणेल, बिल बघा मग.

खरं तर सगळ्यात आधी सीट तपासा. तिचं नाक खाली झुकलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि भार हातावर येतो. ती आडवी पातळीत करा, स्टेमच्या वर स्पेसर (कड्या) असतील तर त्या स्टेमखाली घालून हँडल थोडं वर घ्या. कदाचित एवढ्यानेच भागेल. जुन्या पद्धतीचा, आत घुसणारा स्टेम असेल तर त्याच्यावरची किमान खूण बाहेर दिसेल इतका वर ओढू नका, निसटतो. बोल्टला ग्रीस लावा. आपल्या खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियममधला स्टीलचा बोल्ट असा धरून बसतो की पुढच्या वेळी तोडावाच लागतो. नळीच्या टोकांना बुचं हवीतच, पडलात तर उघडं टोक पोटात घुसतं. पावसाळ्यात टेपखाली पाणी राहतं, म्हणून पाऊस संपला की ती सोडून नळी बघा.

बटरफ्लायच्या पुढच्या दांड्यावर हात असताना ब्रेक लांब असतो. घाटाच्या उतारावर आणि गर्दीत हात लिव्हरपाशीच ठेवा. आणि सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा दिवसभर राहत असेल, किंवा बाटलीचं झाकण उघडताना पकड कमी वाटत असेल, तर हँडल राहू द्या, आधी हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरकडे जा.