पंपाचा जुना पितळी कॅम्पिंग स्टो मिळालाय, आजवर कधी काही दुरुस्त केलेलं नाही. घरच्या घरी चालू होईल का, सुरुवात कुठून करू?

होईल की. फक्त ते पितळ घासायचं पॉलिश आधी बाजूला ठेवा. मी तिथूनच सुरुवात केली होती, दोन दिवस घासून टाकी आरशासारखी केली, रॉकेल भरलं, पंप मारला आणि बघतो तर पंपाचा दांडा आपोआप वर येतोय, त्याच्या मागोमाग रॉकेल, सगळं हातावर आणि लादीवर.

यंत्र मुळात एकदम साधं आहे. १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्टने प्रायमस काढला, त्यानंतर आत फारसं काही बदललेलंच नाही. टाकीतली दाबलेली हवा रॉकेलला नळीतून वर ढकलते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती निपलच्या बारीक भोकातून जोरात निघून हवेत मिसळून निळी जळते. वात नाहीच. म्हणजे बिघाड जवळपास नेहमी दोनच, एकतर हवा कुठूनतरी निसटतेय नाहीतर वाट तुंबलीये. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक 'मेलेल्या' स्टोंना फक्त वायसर हवे होते.

तर आधी पंप उघडा. दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो, फारच जुना असला तर वाळक्या पानासारखा हातातच चुरतो, पण नुसता कडक झाला असेल तर टाकू नका, रात्रभर तेलात बुडवून ठेवा आणि मऊ झाला की बोटांनी कडा जरा फाकवा, म्हणजे नळीला घासून बसतील. वाटीचं तोंड टाकीच्या बाजूला. उलटा बसवला तर कितीही हाणा, हवा जात नाही (हेही करून झालंय).

आता माझी लादी खराब करणारा प्रकार. पंपाच्या नळीच्या तळाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, हवा आत सोडतो पण परत येऊ देत नाही. त्यात स्प्रिंग आणि रबराची किंवा बुचाची इवलीशी चकती. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून तिच्यावर गोल खड्डा पडलेला असतो, तिथूनच सगळं उलटं येतं. नवी चकती टाकायची, व्हायटॉनची (हे एक कृत्रिम रबर) मिळाली तर उत्तम कारण रॉकेलला ती दाद देत नाही. पण व्हॉल्व्ह काढायला त्याच्या मापाची लांब खाचेची किल्लीच घ्या, स्क्रू ड्रायव्हरने खटपट केली तर मऊ पितळ झिजतं आणि मग तो तिथेच मुक्काम करतो.

रॉकेल भरायच्या झाकणाखालचा वायसर आणि बर्नरखालचा शिशाचा, दोन्ही नवे टाका. बर्नर सोडवताना एक पाना बर्नरला आणि दुसरा खालच्या कॉलरला धरा, नाहीतर टाकीचा डाख सुटतो. बर्नर साफ करायला सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात टाकलात तर मधूनमधून बघत राहा, जास्त वेळ विसरलं की जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी पडतं. निपलचं तुंबलेलं भोक मोकळं करताना पिन सरळ आत, सरळ बाहेर, गोल फिरवायची नाही. भोक मोठं झालं की ज्योत पिवळी, भांडी काळी, आणि मग निपलच बदलावं लागतं.

सगळं जोडलं की रॉकेल न भरता पंप मारून अख्खा स्टो पाण्याच्या बादलीत बुडवा. निपलमधून बुडबुडे येणारच, बाकी कुठूनही यायला नकोत. टाकीच्या जोडातून आले तर वरून काहीबाही लिंपून पेटवू नका, तो स्टो शोकेसमध्येच बरा. आणि पेट्रोल कधीच नाही, चुकून चमचाभरही नाही. साधारण ३८ अंशांच्या खाली रॉकेलची वाफ पेट घेत नाही, पेट्रोलची शून्याच्या खूप खालीही घेते, आणि इथे टाकी बर्नरच्या बुडाशीच तापत असते.

पेटवायचा तो बाहेर, उघड्यावर. स्टो आतून नीट वाळवून मगच रॉकेल भरा, पाऊण टाकी पुरे. झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल ठेवून बर्नर तापवायला त्याच्या खालच्या वाटीत स्पिरिट जाळा, ते संपत आलं की स्क्रू आवळा आणि तीनचारच पंप मारा. पिवळा भडका उठला तर फुंकत बसू नका, स्क्रू सैल सोडा, दाब गेला की आपोआप विझतो, मग थंड झाल्यावर परत स्पिरिटपासून सुरुवात. घरघर लागली तरी लगेच हाणू नका, बर्नर तापायला मिनिटभर द्या. माझ्या पहिल्या स्टोने दोनदा भडका घेतला, तिसऱ्यांदा निळा पेटला. दोन दिवस घासलेली टाकी तोवर काळीकुट्ट झाली होती.