गाडीतल्या सबवूफरच्या (बासच्या स्पीकरच्या) बॉक्समध्ये फायबर भरल्याने बास खरंच सुधारतो का?

बॉक्स सीलबंद असेल तर हो, नक्की भरा. पोर्टवाला, म्हणजे हवा आत-बाहेर जायला छिद्र किंवा नळी असलेला, असेल तर पूर्ण भरू नका.

कारण असं: स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) आत येतो तेव्हा बॉक्समधली हवा दाबली जाऊन किंचित तापते आणि जास्त कडक वागते. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर ही उष्णता शोषतो, त्यामुळे स्पीकरला बॉक्स आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. प्रत्यक्षात साधारण 10 ते 25 टक्के. म्हणजे डिकीतल्या जागेपायी बॉक्स लहान करावा लागला असेल आणि बास एकाच सुरावर घुमत असेल, तर हाच सर्वात स्वस्त उपाय. प्रति लिटर 8 ते 16 ग्रॅम पुरे; 30 लिटरच्या बॉक्सला 300 ग्रॅमपासून सुरुवात करा, ऐका, मग वाढवा. ठासून भरलं तर उलट हवेची जागाच कमी होते. फायबर पिंजून मोकळा करा आणि मॅग्नेटमागचं छिद्र मोकळं ठेवा. गादीचा कापूस नको, तो ओल धरतो आणि गोळे होऊन खाली बसतो.

पोर्टवाल्या बॉक्समध्ये फार तर भिंतींना पातळ थर चिकटवा, पोर्टच्या तोंडापासून लांब. नाहीतर पोर्टचा जोरच मरतो.

एक मात्र लक्षात घ्या, भिंती थरथरत असतील तर फायबर काहीही करणार नाही. तिथे 18 मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आणि आतून आडवी पट्टी हवी. डिकीचं झाकण किंवा नंबरप्लेट खडखडत असेल तर त्या पत्र्यावर ब्युटाइल शीट (थरथर शोषणारी चिकट रबरी शीट) लावा.