सायन्सची मुलगी, अर्थशास्त्राचा हट्ट

बारावीचा निकाल लागला की नाशिकमधल्या माझ्या करिअर मार्गदर्शन केंद्रात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, बी.ए. इकॉनॉमिक्स करून पुढे काय? स्कोप आहे का?" विचारणारे बहुधा आई-वडील असतात, आणि त्यांची काळजी खरी असते.

निफाड तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन आले होते. मुलीला सायन्सला उत्तम मार्क, सीईटीही दिलेली; पण इंजिनिअरिंग नको, अर्थशास्त्रच घ्यायचं म्हणून ती हटून बसलेली. वडील म्हणाले, "क्लासला एवढा पैसा घातला. आता आर्ट्सला गेली तर लोक म्हणतील, पोरीला झेपलं नाही."

मी तिला विचारलं, अर्थशास्त्रच का? तिने पिशवीतून वही काढली. घरच्या कांद्याच्या हिशेबपट्ट्या तिने त्यात तारखेनुसार चिकटवल्या होत्या. डिसेंबर 2023 च्या पानावर लाल पेनने लिहिलं होतं, 'निर्यातबंदी', आणि खाली प्रश्न: 'भाव निम्म्यावर आला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही. मग जास्तीचा माल खपणार कुठे?'

मी वही वडिलांसमोर ठेवली. पहिल्या वर्षाला मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की खप किती बदलतो ते, शिकवतात, ती नेमकी हीच. कांद्याची रोजची गरज ठरलेली असते. भाव पडला म्हणून खप फारसा वाढत नाही आणि चढला म्हणून फारसा घटत नाही. त्यामुळे आवक थोडी वाढली, किंवा बाहेर जाणारा माल देशातच अडकला, की भाव धाडकन कोसळतो. लासलगावला लिलावात उभं राहून त्यांनी हे सोसलं होतं, लेक त्याचं कारण शोधत होती. अशी उत्सुकता मला मार्कांहून मोलाची वाटते.

हुशार मुलं आर्ट्सला जात नाहीत, हा समज मला मनापासून खटकतो. बाबासाहेबांनी 1915 साली कोलंबियात एम.ए. केलं ते अर्थशास्त्रात, आणि 1923 ची लंडनची डी.एस्सी.ही अर्थशास्त्रातलीच.

पण वडिलांना मी खोटी आशा दाखवली नाही. नुसत्या बी.ए.वर बँकेच्या किंवा एमपीएससीच्या परीक्षा देता येतात, पण त्या कुठलाही पदवीधर देतो. या विषयाची खास दारं एम.ए.नंतर उघडतात. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातल्या अधिकारीपदालाही लागते. "म्हणजे पाच वर्षं?" वडिलांनी विचारलं. हो, पाच. इंजिनिअरिंगपेक्षा एकच वर्ष जास्त.

आणि खरी मेख गणितात आहे. 'गणितातून सुटका' म्हणून अर्थशास्त्र घेणारी मुलं मी दरवर्षी बघते. गाइड वाचून बी.ए. पार पडतं, पण चांगल्या संस्थेत एम.ए.ला जायचं म्हटलं की ती अडतात. आयआयटीच्या जॅम या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत 2021 पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. त्यात कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र विचारतात. म्हणजे हिची सायन्सची दोन वर्षं वाया गेलेली नव्हती, तीच तिची शिदोरी होती. वडिलांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला तो हे ऐकल्यावर.

मी त्यांना एवढंच काम दिलं: प्रवेशाआधी दोन-तीन कॉलेजांत स्वतः जाऊन विभागातल्या प्राध्यापकांना भेटा. अर्थशास्त्राबरोबर गणित किंवा संख्याशास्त्र घेता येतं का, वेळापत्रकात दोन्ही बसतात का, ते विचारा. जिथे 'नाही' म्हणतील तिथे नाव मोठं असलं तरी प्रवेश घेऊ नका. तोवर इंजिनिअरिंगचा फॉर्मही रद्द करू नका.

बापलेक दोघंही फिरले. तिसऱ्या कॉलेजात संख्याशास्त्र मिळालं, तिथेच तिने प्रवेश घेतला.