झेडलिबमध्ये ‘इनकरेक्ट हेडर चेक’ आलं तर

पायथॉनमध्ये झेडलिब (डेटा दाबून लहान करणारी आणि परत उलगडणारी लायब्ररी) वापरताना ही एरर आली म्हणजे डेटा खराबच झाला असं लगेच धरू नका. आधी पहिले दोन बाइट हेक्समध्ये छापून बघा. १एफ ८बी दिसले तर तो जीझिप, म्हणजे दाबलेल्या डेटाचा दुसरा एक प्रकार. डेटा उलगडणाऱ्या डीकॉम्प्रेस फंक्शनला डब्ल्यूबिट्स (हेडर कुठल्या प्रकारचं तेही सांगणारा आकडा) ३१ द्या. सुरुवात ७८ ने असेल तर बहुधा झेडलिब, तिथे नेहमीचे १५ चालतात. दोन्ही नसतील तर हेडर नसलेला डिफ्लेट (या दोन्हींच्या आतला नुसता दाबलेला डेटा) असू शकतो, मग उणे १५ देऊन बघा.

फाइल ‘आरबी’ मोडमध्येच, म्हणजे बाइट जसेच्या तसे वाचले जातील अशी उघडा. टेक्स्ट म्हणून वाचताना बदललेले बाइट परत मिळत नाहीत, मग कुठलाच आकडा कामाचा नाही.

मोठ्या फाइलसाठी डीकॉम्प्रेसऑब्ज (तुकड्या-तुकड्याने उलगडणारं ऑब्जेक्ट) घेऊन ६४ केबीचे तुकडे द्या. शेवटी त्याचं ईओएफ (डेटाचा शेवट आला का ते सांगणारी खूण) जरूर तपासा: फॉल्स असेल तर फाइल अर्धवट आहे, आणि इथे एरर येतच नाही.