लाल्याचा कोळी औषधाला दाद देत नाही, मात्रा वाढवू का?

भाऊ, मात्रा वाढवू नका. लाल्या म्हणजे संत्र्याच्या सालीवर पडणारे तपकिरी डाग, आणि ते पाडणारा कोळी म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड. अंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेर फुलोरा येणाऱ्या) संत्र्यावर एकच कोळीनाशक तीनदा मारलं, पहिल्यांदा चाललं आणि आता चालत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दुप्पट मात्रेतही सगळ्यात चिवट कोळी मागे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. उन्हाळ्यात ही पिढी सात-दहा दिवसांत पुरी होते. शिवाय नर अफलित अंड्यातून निघतो, त्याच्यात जनुकांचा एकच संच. त्यामुळे प्रतिकाराचं जनुक दबून राहत नाही, झपाट्यानं पसरतं.

पण आधी खात्री करा. फळावरचा तपकिरी डाग कोणत्याच औषधानं जात नाही, तिथली साल मेलेली असते. डाग पाहून औषध फेल ठरवणारे पुष्कळ आहेत. हा कोळी जेमतेम 0.15 मिलिमीटरचा, त्याला 10 पटीचं भिंगच लागतं. 20 हिरव्या फळांना दोरा बांधा. काही बाहेरची, काही आतल्या फांद्यांची. फवारणीआधी, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्याच फळांवरचे जिवंत कोळी मोजा. बाहेर साफ आणि आत जिवंत, तर औषध आत पोचलंच नाही. मोठ्या झाडाला 8-10 लिटर पाणी लागतं. चिंब भिजलेल्या फळावरही जिवंत सापडले, तर प्रतिकाराचा संशय खरा.

मग गट बदला, नुसती बाटली नाही. गट म्हणजे औषध कोळ्याला कसं मारतं त्यावरून ठरलेला वर्ग, त्याला आकडा दिलेला असतो. फेनपायरॉक्सिमेट, फेनाझाक्विन आणि पायरिडाबेन ही नावं तीन, पण गट एकच, 21ए. एकाला सरावलेला कोळी बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही. अबामेक्टिन गट 6, प्रोपरगाइट 12सी, स्पायरोमेसिफेन 23. ब्रँडखालचं तांत्रिक नाव वाचा, लेबलवर संत्रा किंवा लिंबूवर्गीय पीक आहे का ते बघा, आणि एका बहारात एक गट एकदाच वापरा.

माझा पहिला कौल मात्र गंधकाला. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 3 ग्रॅम. ते पेशीत अनेक ठिकाणी मारा करतं, म्हणून कोळी त्याला सहजी सरावत नाही. पारा 35 अंशांच्या वर असताना मारू नका, पानं-फळं करपतात. खनिज तेलाच्या फवारणीपासून तीन आठवडे अंतर ठेवा.

सायला किंवा काळी माशी या रस शोषणाऱ्या किडींसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक वारंवार मारत असाल तर ते थांबवा. त्यानं कोळी खाणारे मित्रकोळी मरतात आणि लाल्या उसळतो. जुन्या पत्रकांत डायकोफॉल सापडेल. त्यावर आता बंदी आहे.