गौरव म्हणजे सत्कार नव्हे

प्रश्न असा आहे: नाताळच्या उपासनेत ख्रिस्ती लोक 'देवाला गौरव' म्हणतात, हे मराठी चूक नाही का? गौरव कोणाचा तरी करतात, कोणाला देत नाहीत. शिवाय स्तुती, गौरव, आराधना हे सगळं एकच का?

चूक अजिबात नाही. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकात (२:१४), देवदूतांच्या तोंडी जी ग्रीक ओळ आहे, तिच्यात क्रियापदच नाही. 'डोक्सा' म्हणजे गौरव आणि 'थेओ' म्हणजे देवाला, सरळ चतुर्थी. 'देवाला नमस्कार' म्हटलं की कोणी व्याकरण काढत बसत नाही.

डोकं उठतं ते गौरव म्हणजे सत्कार, हार-भाषण, असं धरून चालणाऱ्यांमुळे. 'गौरव' आला 'गुरु'पासून, आणि गुरु म्हणजे आधी जड, शिकवणारा नंतर. वृत्तात लघु-गुरु मोजणाऱ्यांना हे सांगायला नको. आता गंमत बघा. बायबलच्या जुन्या कराराची भाषा हिब्रू, तिच्यात देवाच्या गौरवाला 'काबोद' म्हणतात आणि त्याचाही धातू जड असण्याचाच! त्याच धातूतून 'कावेद', म्हणजे यकृत. बायबलच्या निर्गम या पुस्तकात मिसरच्या राजाचं, फारोचं मन कठीण झालं म्हणतात, तिथेही काही ठिकाणी हाच शब्द. दहा आज्ञांत आईबापांचा मान राखायला सांगितलंय, तिथलं क्रियापद 'कब्बेद': त्यांना वजन दे. एखाद्याच्या शब्दाला वजन असतं, हे आपणही म्हणतोच की.

इ.स.पू. ३ऱ्या शतकात हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये येऊ लागलं आणि अनुवादकांनी काबोदसाठी 'डोक्सा' निवडला. त्याचा जुना अर्थ मत, लौकिक. वजन गेलं! पण येशूचा प्रेषित पौल, त्याला हिब्रू पक्कं ठाऊक. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (४:१७) तो 'बारोस डोक्सेस' लिहितो, गौरवाचा भार. हा 'बारोस' आणि आपला 'गुरु' एकाच मुळाचे. लॅटिन 'ग्राविस' हा तिसरा भाऊ. म्हणजे ग्रीकमध्ये सांडलेलं वजन मराठीत आपसूक परत आलं. 'गौरव'ऐवजी 'महिमा' हवा होता म्हणणाऱ्या पंडितांना हे दिसत कसं नाही? महिमा 'महत्'चा, म्हणजे नुसता मोठा. मोठा तर फुगाही असतो.

बाळ येशूला पाहून मेंढपाळ देवाचा गौरव आणि स्तुती करत परतले (लूक २:२०), ही द्विरुक्ती नव्हेच. स्तुती तोंडाने होते. गौरव म्हणजे वजन मान्य करणं. ते आपल्या गाण्याने वाढत नाही, त्यामुळे 'देव काय स्तुतीचा भुकेला आहे?' हा नेहमीचा टोमणा फुकट जातो.

आराधना राहिलीच. मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी, बाळ येशूपुढे पालथं पडून जे केलं, त्याला मत्तय (२:११) जो शब्द वापरतो त्याच्या पोटात 'चुंबन' आहे. मराठीत त्याला दंडवत म्हणा, नमन म्हणा. धडधाकट शब्द असताना उपासनेच्या पत्रिकेवर 'वर्शिप' कशाला छापता?